कण्हाचा शिष्य बलक

वेब पत्रकारितेच्या वर्गात पुस्तकापेक्षा कामावर भर असतो. प्रात्यक्षिकासाठी मी आमच्या कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेणी निवडली. बातमी, फोटोओळी आणि शोधताना सापडेल असे शीर्षक, सारे स्वतः करायचे होते.

मैत्रिणी म्हणाल्या, "शीर्षकात धबधबा घाल, लोक तेच शोधतात." खरेच आहे. पावसाळ्यात लेण्यांवरून पाणी कोसळते, गर्दी लोटते. पण तिथेच चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ सुमारे २००० वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्याचा अर्थ, हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. आधी गुरूचे नाव, मग स्वतःचे! मीही विद्यार्थिनीच.

शीर्षकात मी धबधबा ठेवला, पहिल्या वाक्यात बलक आणला. पाणी पाहायला येणाऱ्याला ही बौद्ध लेणी आहेत हे कळलेच पाहिजे.

दगडावरचे अक्षर बदलत नाही. वेबवरचे क्षणात बदलते, म्हणून दुरुस्तीची तारीख लिहावी, असे आम्हाला शिकवतात. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा छपाईला पैसा लागे. आज हातातल्या मोबाईलवरून लिहिता येते. पण नावानिशी खरे लिहिण्याची जबाबदारी तेवढीच आहे.