गिरणीच्या जागेवरील मनोरे

मुंबईस जाणारा कोल्हापूरकर पूर्वी, घरची अंबाबाई असतांही, तेथील महालक्ष्मीचें दर्शन घेई, राणीची बाग व चौपाटी पाही आणि परतीच्या गाडीस बसे. आतां त्यानें लोअर परळही अवश्य पाहावें, असें आम्ही सुचवितों. तेथें सेनापति बापट मार्गावर फिनिक्स नांवाचें जें संकुल आम्हीं पाहिलें, त्यांत दुकानें, उपाहारगृहें, चित्रपटगृह, कचेऱ्या, राहण्याचे मनोरे आणि एक गगनचुंबी हॉटेल अशीं सर्व एकाच आवारांत आहेत. मनुष्यानें तेथेंच नोकरी करावी, तेथेंच खरेदी करावी व तेथेंच निजावें, अशी ही व्यवस्था.

घरांतील वडीलधाऱ्यांस याचें फारसें नवल वाटूं नये. आमच्या गुजरींत खालीं पेढी व वर बिऱ्हाड ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. नवल आहे तें जागेचें. या झगमगाटांत एक जुनी चिमणी अद्याप उभी आहे. १९०५ सालीं स्थापन झालेल्या फिनिक्स कापडगिरणीची ही खूण.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर पुष्कळ गिरण्या पुन्हां सावरल्याच नाहींत, व त्यांच्या जमिनीस सोन्याचें मोल आलें. १९९१ च्या नियमांत या जमिनीची वांटणी ढोबळमानानें अशी होती : एक तृतीयांश मोकळ्या जागेकरितां महापालिकेस, एक तृतीयांश घरांकरितां म्हाडास आणि उरलेली मालकास. २००१ मध्यें नियमांत फेरबदल झाला. वांटणींत आधींपासून मोकळी असलेली जमीनच तेवढी धरावी, इमारतींखालची धरूं नये, असें ठरलें. लोकांच्या वांट्याची जमीन त्यामुळें फार घटली. २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हा फेरबदल ग्राह्य ठरविला. मनोरे वर चढले. मैदानें मात्र मागें राहिलीं.

ही हकीकत कोल्हापूरकरांनीं परक्या गांवची समजूं नये. त्या गिरण्यांत राबणारे हात कोंकणांतले होते, तसेच आपल्या घाटावरचेही होते. शिवाय आपल्याही गांवांत एक गिरणी आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०६ सालीं स्थापिलेली शाहू मिल २००३ सालीं बंद पडली. त्या जागेवर महाराजांचें स्मारक व्हावें, ही मागणी जुनीच आहे.

आम्ही उंच इमारतींचे वैरी नव्हें. वाढत्या शहरास कचेऱ्या हव्यात, दुकानें हवींत, घरेंही हवींत. महाराजांनीं स्वतः व्यापाराकरितां शाहूपुरी वसविली, पण त्याबरोबरच विद्यार्थ्यांकरितां वसतिगृहेंही काढिलीं. बाजार वाढवितांना लोकांचा वांटा वेगळा काढून ठेवावा, हा त्यांतला धडा आहे. शाहू मिलच्या जागेवर पुढें जें कांहीं उभें राहील, त्यांत मुलांस मैदान किती, ग्रंथालयास जागा किती, वृद्धांस सावली किती, हें आधीं मोजून ठरावें. आणि तें कागदावर अशा पक्क्या शब्दांत उतरावें, कीं दहा वर्षांनीं एखाद्या कलमाच्या फेरबदलानें तें निसटूं नये. मुंबईनें फार मोठी किंमत देऊन घेतलेला हा अनुभव आपणांस फुकट मिळत आहे; तो वायां दवडूं नये.