मधली अठरा मिनिटं

‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ सलग ऐकायचं की तुटलेलं, या प्रश्नावर मी कितीतरी रात्री जागवल्या आहेत. पिंक फ्लॉइडचं हे गाणं नऊ भागांचं, एकूण २६ मिनिटांचं. १९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बमची सुरुवात त्याच्या पहिल्या पाच भागांनी होते, उरलेले चार अगदी शेवटी येतात आणि मध्ये तीन वेगळी गाणी आहेत. म्हणजे गाणं साडेतेरा मिनिटं चालतं, मग सुमारे अठरा मिनिटं त्याचा पत्ताच नसतो आणि नंतर ते पुन्हा साडेबारा मिनिटं चालतं. ज्याचा या गाण्यावर जीव आहे, त्याचं या मधल्या अठरा मिनिटांबद्दल ठाम मत असतंच.

माझ्यापर्यंत ते मामाच्या कॅसेटमधून आलं. मामाचं ऐकणं सगळं भीमसेन, कुमार, मालिनीबाई. ही एकच कॅसेट त्या रांगेत परकी, कुणा सहकाऱ्याने दिलेली. रविवारी दुपारी तो ती लावायचा. पहिली चार मिनिटं जवळजवळ काहीच घडत नाही. रिक राइटच्या सिंथेसायझरचा एक लांबलचक स्वर, त्याखाली ओल्या बोटाने काचेच्या ग्लासांच्या कडा घासून काढलेला नाद, आणि वर अधूनमधून डेव्हिड गिलमोरची गिटार. हे ग्लास एका सोडून दिलेल्या प्रयोगातले. घरातल्या साध्या वस्तू वाजवून अख्खा अल्बम करायचा त्यांचा विचार होता. तो बारगळला, ग्लास तेवढे इथे उरले. आजी स्वयंपाकघरातून विचारायची, “अरे, ह्यात गाणारा येणार आहे की नाही?” आणि मामा म्हणायचा, “थांब गं, अजून स्वर लावतोय.” गाणारा येतो साडेआठ मिनिटं उलटून गेल्यावर. मामाला त्यात वावगं काहीच वाटत नव्हतं. विलंबित ऐकणाऱ्या माणसाला घाई कसली?

त्याआधी येतात ते चार स्वर. सगळं शांत होतं आणि गिटार एकटी चार स्वर टाकते, मग थांबते. पुन्हा तेच चार, पुन्हा थांबते. चौथा स्वर किंचित परका, अपेक्षेपेक्षा बाजूला पडणारा, आणि त्यामुळे ती ओळ पूर्ण झाल्यासारखी वाटतच नाही. तालमीत गिलमोरच्या हाताला हे स्वर सहज लागले आणि तिथूनच गाणं उभं राहिलं. रॉजर वॉटर्सला त्या स्वरांत सिड बॅरेट ऐकू आला.

सिड बॅरेट म्हणजे या बँडचा पहिला कर्ता पुरुष. नाव त्याने दिलं, सुरुवातीची बहुतेक गाणी त्याची. मनाची अवस्था ढासळत गेली आणि १९६८ मध्ये तो बँडबाहेर झाला. पुढे सात वर्षांनी, ५ जून १९७५ ला, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत एक स्थूल माणूस येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. कोण हा, हे बराच वेळ कुणालाच कळलं नाही. तो सिड होता. त्या वेळी याच गाण्याचं काम चाललं होतं, असं बँडमधल्यांनी पुढे सांगितलं. ही गोष्ट मी असंख्य वेळा वाचली आहे, तरी दर वेळी त्या भुवयांपाशी मी अडतो. ज्याच्या नसण्यावर २६ मिनिटांचं गाणं रचलं, तो समोर उभा आहे आणि रचणाऱ्यांना तो ओळखू येत नाही.

मामा फक्त पहिली बाजू लावायचा. ती संपली की टेपरेकॉर्डरचं बटण खट्कन वर यायचं आणि तो चहाला उठायचा. दुसरी बाजू मी ऐकली ती कॅसेट मागून हॉस्टेलवर नेली तेव्हा. ‘विश यू वेअर हिअर’ हे गाणं संपत आलं आणि वारा सुटला. वाऱ्यातून बास गिटार वर आली, मग गिलमोरची ती मांडीवर घेऊन वाजवायची गिटार किंचाळायला लागली. हे काय चाललंय, याचा अंदाज येत नव्हता. आणि मग आवाज आला, चाल ओळखीची! म्हणजे पहिल्या बाजूचं गाणं संपलंच नव्हतं. मी कॉटवर उठून बसलो. बऱ्याच काळाने भेटलेला माणूस आधी चेहऱ्याने नाही, चालीवरून ओळखू यावा, तसं ते झालं. माझं मत तिथेच ठरलं आणि ते आजतागायत हललेलं नाही: ती अठरा मिनिटं या गाण्याचाच भाग आहेत.

हॉस्टेलमधला माझा खोलीमित्र कट्टर विरुद्ध पक्षाचा. कॅसेटी जाऊन एमपीथ्रीचे दिवस आले, तेव्हा त्याने दोन्ही फायली संगणकावर जोडल्या. सॅक्सोफोन विरत जातो तिथे कापायचं, वारा सुरू होतो तिथून पुढचं आणायचं आणि दोन्ही टोकं एकमेकांत मिसळायची. सांधा कळू नये म्हणून तो रात्रभर काही सेकंदांशी झुंजत होता. सांधा त्याने खरोखर सुरेख साधला. “घे, आता ऐक. हे आहे खरं गाणं.”

त्याची बाजू लेचीपेची नव्हती. १९७४ च्या दौऱ्यांत बँड हे गाणं सलगच वाजवत असे. गिलमोरला अल्बममध्येही ते सलग हवं होतं: एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला त्याच दौऱ्यांतली दोन नवी लांब गाणी. तोडायची कल्पना वॉटर्सची. दोन टोकांना हे गाणं, मध्ये संगीताच्या धंद्यावर आणि हरवलेल्या माणसांवरची नवी गाणी, असा त्याचा आग्रह. मतदान झालं आणि गिलमोर हरला. बाजूला पडलेली ती दोन गाणी रूप बदलून १९७७ च्या ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये आली. “म्हणजे ज्याने ते स्वर शोधले, त्यालाच तोडायचं नव्हतं,” मित्र म्हणायचा. “आणि ‘एकोज’ बघ. १९७१ चं, साडेतेवीस मिनिटं, अख्खी एक बाजू. त्याला कुणी हात लावला?”

लावला होता. पाँपेईच्या ओसाड रंगभूमीवर त्यांनी केलेल्या चित्रपटात ‘एकोज’चा अर्धा भाग सुरुवातीला आहे, अर्धा शेवटी. हे मी सांगितलं की तो म्हणायचा, ती सिनेमाची गरज. असेल. पण ‘एकोज’ चौघं मिळून एकमेकांत शिरत गेले त्याचं गाणं आहे, त्याला सलगपणा शोभतो. ‘शाइन ऑन’ एका नसलेल्या माणसाचं आहे. ते मध्येच नाहीसं व्हायला हवं, ऐकणाऱ्याला ते विसरायला लागायला हवं. मग त्याचं परतणं लागतं. माझा जीव आयुष्यभर गिलमोरच्या बोटांवर आहे, पण या मतदानात मी वॉटर्सच्या बाजूला हात वर केला असता.

२००७ च्या फेब्रुवारीत वॉटर्स मुंबईत आला, वांद्रे-कुर्ला संकुलात. सिड जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मित्र आणि मी एकत्र गेलो. गाण्याचा पहिलाच टप्पा वाजला, तोही काटछाट करून, आणि मागच्या पडद्यावर तरुण सिड. आजूबाजूची मुलं शब्दन् शब्द म्हणत होती. दुसरा टप्पा आलाच नाही. बाहेर पडल्यावर मित्र फार वेळ बोलला नाही, मग म्हणाला, “अर्धंच राहिलं रे.” मी वाद घातला नाही.

२०२५ च्या अखेरीला, अल्बमला पन्नास वर्षं झाल्याच्या निमित्ताने, नवी आवृत्ती निघाली. तीत नऊही भाग अधिकृतपणे जोडलेले आहेत. मित्राचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. संगणकापुढे घालवलेल्या त्या रात्रीवर शिक्कामोर्तब झालं होतं. मला त्याच्यासाठी मनापासून आनंद झाला. सलग ऐकताना गाण्याचा आवाका कळतो, हे खरंच आहे. आलापापासून शेवटापर्यंत एकच उतरण किती विचाराने बांधली आहे ते दिसतं. तरी कुणाला पहिल्यांदा ऐकवायचं असेल, तर मी अल्बमच लावणार, क्रमाने, मधलं एकही गाणं न गाळता.

शेवटाबद्दल मात्र आमचं भांडण नाही. नववा भाग एकट्या राइटच्या नावावर आहे, संथ, अंत्ययात्रेच्या पावलांचा. तो विरता विरता सिंथेसायझरवर ‘सी एमिली प्ले’ची, सिडच्या १९६७ च्या गाण्याची, छोटीशी लकेर वाजते. नीट कान दिला नाही तर निसटते. राइट २००८ मध्ये गेला, त्या रात्री आम्ही फोनवर फक्त तो भाग ऐकला होता.

भांडण आठव्या भागाचं. मित्राच्या मते तो ठेका, ती राइटची उड्या मारणारी कीबोर्डं नसती तरी चाललं असतं. शोकात हे कुठून आलं, असं तो विचारतो. पण सिडची गाणी होतीच तशी, सायकलींची, मांजरांची, गमतीची. त्या गमतीला नऊ भागांत कुठेच जागा मिळाली नसती, तर ते गाणं नुसत्या आजारी माणसाचं झालं असतं. हे त्याला पटत नाही. पुढच्या महिन्यात तो पुण्यात येतोय, तेव्हा पुन्हा सांगणार आहे.