मामाची गाडी

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रांशी माझा संबंध स्कूटरपुरता, आणि ती बंद पडली की आधी तिला आडवी करावी की आधी शिव्या द्याव्यात, याविषयीसुद्धा माझे मत अजून ठाम झालेले नाही. अशा माणसाने परदेशात जाऊन गवत कापायची गाडी चालवली, हे सांगितले तर आमच्या स्टाफरूममध्ये कोणी विश्वास ठेवीत नाही. मीही आग्रह धरीत नाही. कारण मग पुढचेही सांगावे लागेल.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत ओहायो राज्यात असते. कोलंबस शहराच्या बाहेर तिचे घर, आणि घराभोवती एक एकर हिरवळ. आपल्याकडे एकराचे नाव काढले की ऊस, निदान ज्वारी तरी डोळ्यांपुढे उभी राहते. तिथे एकरभर नुसते गवत! तेही गुरांसाठी नव्हे, कापून टाकण्यासाठी. मे महिन्यात ते असे माजते की दर आठवड्याला कापावेच लागते. न कापावे तर पुष्कळ गावांत नगरपालिकेची नोटीस येते, आणि शेजारी काही न बोलता नुसते बघतात. बहीण म्हणते, त्यापेक्षा नोटीस परवडली.

एरवी हे काम मेहुणे करतात. पण मी सुट्टीत तिथे पोचलो आणि त्याच आठवड्यात त्यांची कंबर धरली. "दादा, तुम्हाला जमेल का?" त्यांनी विचारले. प्रश्नातला संशय मला झोंबला. पुण्याच्या रस्त्यांवर वीस वर्षे स्कूटर चालवून जिवंत राहिलेल्या माणसाला हा प्रश्न!

गाडी मोठी देखणी. लहान मुलाच्या खेळण्यातला ट्रॅक्टर कोणीतरी फुगवल्यासारखी. वर खुर्ची, पुढे चक्र, आणि पोटाखाली पत्र्याच्या झाकणाआड दोन पाती. गवत कापायचे पहिले यंत्र १८३० साली इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने काढले. लोकरी कापडावरचे तंतू छाटणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ते सुचले. त्याचे यंत्र ढकलावे लागे. वरची खुर्ची ही पुढच्या आळशांची भर.

मेहुणे कंबरेला पट्टा बांधून व्हरांड्यात बसले आणि शिकवणी सुरू झाली. इतके तपशीलवार मी बी.ए.च्या वर्गालाही शिकवीत नाही. आधी सगळी हिरवळ पायी हिंडून दगड, फांद्या, खेळणी वेचायची, कारण पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जातो आणि त्याखालून सुटलेला खडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. मागच्या ओढ्याकडे उतार होता. तिथे गाडी सरळ वर-खाली न्यायची, आडवी नाही, नाहीतर कलंडते. (मागून ढकलायचे यंत्र असेल तर नियम नेमका उलटा. पाय घसरून पात्याखाली जाऊ नये म्हणून तिथे आडवेच चालायचे.) ओल्या गवतावर जायचे नाही. पेट्रोल भरायचे ते इंजिन थंड झाल्यावर आणि उघड्यावर. झाकणाखाली गवत तुंबले तर इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकायची, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करायची, आणि मगच हात घालायचा.

पात्यांना धार लावणे मात्र मला मनापासून आवडले. कानशीने घासून झाले की पाते मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर टांगायचे. जी बाजू खाली झुकेल ती जड, ती आणखी थोडी घासायची. तराजूसारखे दोन्हीकडे सारखे राहिले की पाते तयार. बोथट पाते गवत कापीत नाही, फाडते, आणि दोन दिवसांनी गवताची टोके करडी पडतात. आमच्या काही सहकाऱ्यांची समीक्षा मला आठवली.

गाडीचा एक स्वभाव मात्र मला सोसेना. ती फार संशयी. पाती चालू असताना खुर्चीवरून जरा उठले की इंजिन बंद, कारण खुर्चीखाली स्विच. पाती फिरत असताना गाडी मागे घेतली तरी बंद. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा! पण किल्लीला एक जादा खूण होती. मागे जाण्याआधी तिथे फिरवली की पाती चालू ठेवून मागे जाता येई, मात्र दर वेळी नव्याने फिरवावी लागे. "ती शक्यतो नको, दादा," मेहुणे म्हणाले. मी ऐकले, म्हणजे कानांनी ऐकले.

माझा भाचा चार वर्षांचा. पहिल्या शनिवारी काम संपल्यावर पाती थांबवून मी त्याला मांडीवर घेतले आणि हिरवळीवरून दोन फेऱ्या मारल्या. मेहुणे नको नको म्हणत होते. "पाती बंद आहेत हो!" मी ओरडून सांगितले. बहिणीने फोटो काढला आणि फ्रिजवर लावला. पोरगे आठवडाभर त्या फोटोपाशी उभे राहून "मामाची गाडी" म्हणत होते.

तिसऱ्या शनिवारी मेपलच्या झाडाभोवती गवत कापताना गाडी मागे घ्यावी लागली. कानांवर आवाज अडवणारे झाकण होते. गाडी वीतभर मागे सरकली असेल नसेल, आणि इंजिन बंद पडले. सकाळपासून दोनदा मी ती किल्ली जादा खुणेवर फिरवली होती. या वेळी विसरलो होतो. चरफडत किल्लीकडे हात नेला आणि मागे किती जागा आहे ते पाहायला मान वळवली.

चार हातांवर भाचा उभा होता. दोन्ही हात वर करून. मला घे म्हणून.

मी खाली उतरलो तेव्हा पाय लटपटत होते. त्याला उचलून स्वयंपाकघरात नेऊन सोडले. बहीण म्हणाली, "अरे, हा बाहेर कधी गेला?" मी काही बोललो नाही.

रात्री मेहुण्यांना सांगितले. त्यांनी एकच विचारले, "किल्ली कुठे होती?" मी तेही सांगितले. बराच वेळ ते कंबरेचा पट्टा उगीच सैल-घट्ट करीत राहिले. मग म्हणाले, "पहिल्या शनिवारी मीच तुम्हाला अडवायला हवे होते. पाती चालू की बंद, हे त्याला कसे कळणार? त्याला एवढेच माहीत, की गाडी आली म्हणजे मामा मांडीवर घेतो."

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. सकाळी पाहिले तर फ्रिजवर फोटो नव्हता.

परत येण्याआधीचा एक शनिवार उरला होता. मी म्हटले, आता मला नको. बहीण म्हणाली, "दादा, गवत वाढलंय. तू काप. मी याला घेऊन खिडकीत बसते. खिडकीत आम्ही दोघं दिसलो नाही, की गाडी थांबव." त्या दिवशी जादा खुणेवर किल्ली गेली नाही. प्रत्येक फेरीला वळताना मी खिडकीकडे पाहत होतो. बहिणीने त्याला दोन्ही हातांनी कवेत धरले होते, आणि तो रडून लाल झाला होता, काचेवर थडाथड हात मारीत होता. कानांवरच्या झाकणामुळे मला काही ऐकू येत नव्हते.