बेटावरील मोर्चा

२०२० सालच्या पवित्र आठवड्यात आमच्या चर्चचे दरवाजे बंद होते. झावळ्यांच्या रविवारी झावळ्या मिळाल्या नाहीत, क्रुसाची वाट घरच्या तसबिरीपुढे झाली आणि मिस्सा आम्ही टीव्हीसमोर चटई अंथरून ऐकली. पवित्र भाकर काही पडद्यातून हाती येत नाही. ती उणीव फार बोचली.

टाळेबंदीमुळे आमच्याकडे अडकलेल्या भाच्याने त्याच दिवसांत हाँगकाँगची एक बातमी वाचून दाखवली. तेथील तरुण 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' नावाच्या जपानी खेळात निदर्शने करीत होते. खेळ तसा बाळबोध. प्रत्येकास एक बेट; तेथे झाडे लावावी, मासे धरावे, शेजारच्या प्राण्यांशी गप्पा माराव्या. मात्र आपण रेखाटलेली चित्रे त्यात मांडता येतात. जोशुआ वाँग या २३ वर्षांच्या तरुणाने आपल्या बेटावर हाँगकाँगच्या मुक्तीचा फलक लावला होता. तेथील मुख्य प्रशासक कॅरी लाम यांचे चित्र जमिनीवर ठेवून खेळाडू त्याला फुलपाखरांच्या जाळ्यांनी बदडीत होते.

आम्हांला हसू आले. हरित वसईच्या मोर्च्यांत उन्हातान्हात चाललेली आमची पिढी! पाय दुखत नाहीत तो कसला मोर्चा?

"मामा, २०१९ साली तिथे लाखो लोक रस्त्यावर उतरले होते," भाचा म्हणाला. "आता साथीमुळे चारांहून अधिक जणांना जमायला बंदी आहे. बेटावर आठ जण जमतात." मग थोडे थांबून, "आणि तुम्ही रविवारी मिस्सेला होता की नव्हता?"

यावर आम्ही काय बोलणार?

लवकरच चीनमधील ऑनलाइन दुकानांतून तो खेळ नाहीसा झाला. पोरखेळाची एवढी धास्ती कशाला घ्यावी? मात्र ३० जूनला हाँगकाँगमध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला आणि मग बेट कोणाच्या उपयोगी पडले नाही. जुलैमध्ये लोकशाहीवाद्यांनी आपले उमेदवार ठरविण्यासाठी खाजगी मतदान घेतले होते. त्यावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये ४५ जणांना शिक्षा झाल्या. त्यांत वाँगला ४ वर्षे ८ महिने. फलक बेटावर लावता आला, तुरुंगात मात्र देहानेच जावे लागले.

हे आम्ही भाच्याला ऐकवले. तो म्हणाला, "मामा, तुरुंगात गेलेली माणसे तीच आहेत ना?"

चर्च केव्हाच उघडले. आमचा वाद अजून मिटलेला नाही.