साटीनचा घागरा

मुलांनो, मी चौथीत असतानाची गोष्ट. स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी आईनं स्वतःचा लाल साटीनचा परकर उसवून मला घागरा शिवला. काय त्याची चमक! हात ठेवला की नुसता घसरायचा. नाच छान झाला. पण नंतर वर्गात घागरा बाकाच्या खिळ्याला अडकला. एक धागा वर आला. घाबरून मी तो ओढला, तर कापडावर ही लांबलचक चुणी! दोन दिवस मी घागरा दप्तरात लपवला.

शेवटी आईला सापडलाच. वाटलं, आता धपाटा बसणार! पण तिनं भिंग आणलं. घाग-याशेजारी तिची सुती साडी ठेवली आणि म्हणाली, "बघ, काय फरक दिसतो?"

साडीत प्रत्येक धागा एका धाग्यावरून, दुस-याखालून असा सारखा वर-खाली होत होता. अशा खडबडीत विणीवर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. साटीनचं तसं नाही. त्यातला उभा धागा चार आडव्या धाग्यांवरून सरळ जातो आणि पाचव्याखाली बुडी मारतो. शेजारचा धागा त्याच्या लगत बुडी मारत नाही, जागा सोडून मारतो. त्यामुळे जीनच्या कापडासारख्या तिरप्या रेघा दिसत नाहीत. वर उरतात लांब, सपाट धागे. धागा रेशमासारखा गुळगुळीत असला, की प्रकाश एकाच दिशेला परततो. म्हणून ती चमक!

तुम्हीही करून पाहा. पाच लाल पट्ट्या उभ्या लावा, पाच पांढ-या आडव्या विणा. पहिली लाल पट्टी पहिल्या पांढरीखालून जाऊ द्या, दुसरी तिसरीखालून, तिसरी पाचवीखालून, चौथी दुसरीखालून आणि पाचवी चौथीखालून. बाकी सगळीकडे लाल वर. मोजा बरं! २५ चौकटींपैकी २० लाल दिसतील. उलटून पाहिलंत, तर २० पांढ-या!

पण हेच लांब, मोकळे धागे खिळ्यात चटकन अडकतात. आईनं सुईनं तो धागा हळूच मागच्या बाजूला घेतला. चुणी थोडी राहिलीच.

"ओढायच्या आधी मला सांगितलं असतंस, तर सगळा जागेवर बसला असता गं," एवढंच ती म्हणाली. धपाट्यापेक्षा तेच जास्त लागलं मला.