अखंड पट्ट्याच्या आधी

सत्तरच्या दशकात आम्ही उत्तर ओंटारिओतल्या सडबरीला राहायला आलो, तेव्हा आमच्या गल्लीत बहुतेक गॅरेजमध्ये एक स्नोमोबिल, म्हणजे पट्ट्यावर पळणारी बर्फगाडी, असायची. नोव्हेंबर लागला की कुणाच्या ना कुणाच्या गाडीचा पट्टा उतरलेला दिसायचाच. ही सारी निकेलच्या खाणीत राबणारी माणसं. यंत्र बिघडलं तर दुसऱ्याकडे न्यावं, हे त्यांच्या मनातही येत नसे.

तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांचे, विशेषतः मिनेसोटात बनणाऱ्या पोलारिस आणि आर्क्टिक कॅटचे पट्टे सुट्या भागांचे असत. रबराच्या लांब पट्ट्यांवर ओळीने रिव्हेट मारलेल्या पोलादी आडव्या पट्ट्या. रचना रहाटगाडग्याची: एक मडकं फुटलं तर तेवढंच बदलायचं, बाकीची माळ तशीच राहते. दगडावर आपटून पोलादी पट्टी वाकली की छिन्नीने रिव्हेटचं डोकं उडवायचं, पंच लावून उरलेला भाग बाहेर काढायचा आणि नवी पट्टी बसवायची. एकाने मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने हातोडा मारायचा. एकट्याचं कामच नव्हे ते. शेजारचे फ्रेंच भाषक आजोबा खाणीतून निवृत्त झालेले मेकॅनिक होते. न बोलावता यायचे, ठोकळा धरायचे आणि रिव्हेट नीट बसला की नाही हे हातोड्याच्या आवाजावरून सांगायचे. निम्मं शिक्षण मला त्यांच्याकडून मिळालं.

बर्फाच्या मुलखात पट्ट्याला केवढं मोल आहे, हे क्वेबेकमधल्या वाल्कूरच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांच्या आयुष्यातून कळतं. 1934 च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली गेले होते. आजारी पडलेल्या लहानग्या मुलाला त्यांना रुग्णालयात नेता आलं नाही आणि तो दगावला. पुढे त्यांनी रबर चढवलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा तयार केला. 1937 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या मोठ्या हिमगाड्यांतून डॉक्टर, टपाल आणि शाळेतली मुलं जाऊ लागली. 1959 मध्ये छोटी स्की-डू आली. तिचा पट्टा अखंड रबरी होता, आत आडव्या पोलादी सळ्या. पुढे सगळ्यांनीच ती वाट धरली.

आज पोलादाच्या जागी फायबरग्लासच्या सळ्या आहेत, रबरात विणलेलं कापड आहे. साध्या वाटांसाठी 121 इंचांचा पट्टा असतो, डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठी 150 इंचांहून लांब. पट्ट्याच्या आतल्या, स्प्रिंगवरच्या छोट्या चाकांच्या जोड्या जाऊन प्लॅस्टिकची पट्टी चढवलेले घसरते रूळ आले. गाडी हलकी झाली, पळते झोकात. जुनी पोलादी पट्टी वेगात तुटून उडाली तर जीवावर बेतायचं. ती धास्ती गेली, हे फार चांगलं झालं.

पण अखंड पट्ट्याला जोड नाही, म्हणून तो उघडता येत नाही. तो काढायचा तर टाकी रिकामी करून गाडी आडवी करायची, चार मोठे बोल्ट काढून सस्पेन्शन बाहेर घ्यायचं, चेनकेस उघडून तेल सांडू द्यायचं, चेन उतरवायची आणि बेअरिंग सोडवून ड्राइव्हशाफ्ट ओढून काढायचा. मगच पट्टा सुटतो. घडी घालून आलेला नवा पट्टा थंडीत लाकडासारखा ताठ असतो, म्हणून तो आधी घरात उबेला पसरून ठेवावा लागतो. शेवटी मागचा भाग उचलून इंजिन हळू चालवायचं. पट्टा दोन्ही रुळांपासून सारख्या अंतरावर फिरेपर्यंत मागच्या धुरीचे बोल्ट पाव-पाव फेऱ्याने आवळायचे, सैल करायचे. पुस्तिकेत सांगितलेलं वजन टांगून ताण मोजायचा.

आता हे बहुतेक जण दुकानात करून घेतात. जे घरी करतात ते फोनवर व्हिडिओ लावून, आणि पुष्कळदा एकटेच. काम नीट होतं, नाही असं नाही. पण ठोकळा धरायला येणारा शेजारी त्यात उरला नाही. हळहळ वाटते ती याची, गंजक्या पोलादाची नव्हे.

माझं तरुणांना एकच सांगणं आहे: निदान पहिला पट्टा तरी घरी बदला, आणि शेजाऱ्याला हाक मारा. गोठलेल्या तळ्यापलीकडे, वस्तीपासून दूर गाडीखालून वेगळा आवाज आला, तर तो बेअरिंगचा की पट्ट्यावरच्या सुटलेल्या क्लिपचा हे कळायला हवं. ज्याने एकदा सगळं उघडून परत बसवलंय, त्याला ते कळतं. आणि तुमच्या शेजाऱ्यालाही आलं, तर तुम्हाला शोधायला निघणारा माणूसही जाणता असतो.