बरणीत न सापडणारा आजार

बंगळुरूच्या होसूर रस्त्यावर वाहनांचा कोलाहल क्षणभरही थांबत नाही. परंतु निम्हान्सच्या फाटकातून आत शिरले की जुन्या झाडांची सावली लागते आणि पावले आपोआप मंदावतात. गेल्या हिवाळ्यात पुतणीकडे मुक्काम होता, तेव्हा मी, माझे थोरले बंधू आणि वहिनी असे तिघे तेथील मेंदूचे संग्रहालय पाहण्यास गेलो होतो.

म्हैसूर संस्थानच्या काळापासूनचे मनोरुग्णालय आणि १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून १९७४ मध्ये ही संस्था आकारास आली. आमच्या दृष्टीने मात्र ही निव्वळ प्रेक्षणीय जागा नव्हती. दादा आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. चोविसाव्या वर्षी त्यांना उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा, म्हणजे बायपोलर आजार जडला. वर्षापूर्वी त्यांच्या मुलालाही तोच आजार असल्याचे निदान झाले. त्या दिवसापासून वहिनी अबोल झाल्या होत्या.

संग्रहालयात काचेच्या बरण्यांतून मेंदू जतन केलेले आहेत. पक्षाघाताने निकामी झालेला भाग, फुगलेली गाठ, पट्टकृमीच्या अळ्यांनी पडलेली छिद्रे, अल्झायमरने आक्रसलेला मेंदू, हे सारे नुसत्या डोळ्यांनी दिसते. हातमोजे घालून खराखुरा मेंदू हाती घेण्याचीही तेथे सोय आहे. दादांनी तो सुमारे तेराशे ग्रॅमचा गोळा ओंजळीत धरला, बराच वेळ न्याहाळला आणि शांतपणे विचारले, "माझा आजार यांतल्या कोणत्या बरणीत आहे रे?"

कोणत्याच नाही, हे खरे उत्तर होते. आयुष्यभर या आजाराशी झुंजलेल्या माणसाचा मेंदू नुसत्या डोळ्यांना इतरांहून निराळा दिसत नाही. म्हणूनच मनोविकारांची औषधे बहुधा योगायोगाने सापडली. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचा क्षार देऊन पाहिला आणि त्यांना उतार पडला. त्याच लिथियमने पुढे दादांचा संसार सावरला.

याच औषधाबाबत माझ्या हातून घडलेली चूक येथे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात दादांचे गुडघे दुखत होते. मी आठवडाभराची वेदनाशामक गोळी दिली. त्या प्रकारच्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणे कमी होते, हे मला ठाऊक असायला हवे होते. सहाव्या दिवशी दादांचे हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे जड झाले. वेळीच रुग्णालयात नेल्यामुळे ते वाचले.

बाहेर कॉफी घेताना वहिनींनी मनातला प्रश्न विचारला. "भाऊजी, ह्यांना लागू पडलं ते औषध आपल्या पोरालाही लागू पडेल का?"

मी सांगितले, की आशेला आधार आहे. लिथियमचा गुण येणे काही घराण्यांत चालत येते, असे आढळले आहे. मात्र खात्री देता येत नाही. ती कधीतरी देता यावी यासाठीच संशोधन चालू आहे. याच शहरात निम्हान्स आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांचे संशोधक, एकाहून अधिक व्यक्तींना मनोविकार असलेल्या कुटुंबांकडून, त्यांच्या संमतीने, रक्ताचे नमुने घेतात. त्या रक्तातील पेशींना पुन्हा मूळ पेशींच्या अवस्थेत नेऊन त्यांच्यापासून चेतापेशी वाढवता येतात. जिवंत माणसाच्या मेंदूला हात न लावता त्याच्या मेंदूसारख्या पेशी अशा रीतीने बशीत पाहता येतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशा पेशी तपासल्या. बायपोलर रुग्णांच्या पेशी अधिक उत्तेजित आढळल्या आणि लिथियमने त्यांपैकी ज्या शांत झाल्या, त्या लिथियमचा गुण येणाऱ्या रुग्णांच्याच होत्या. हा अभ्यास अवघ्या सहा रुग्णांचा होता, हेही विसरता कामा नये.

अपाय टाळण्यासाठी मात्र जनुकांची एक तपासणी आजच उपयोगी पडते. कार्बामाझेपिन या औषधाने एक विशिष्ट जनुकप्रकार असलेल्या आशियाई वंशाच्या काही लोकांत त्वचेची प्राणघातक प्रतिक्रिया उमटू शकते. म्हणून २००७ पासून अमेरिकेत अशांची आधी तपासणी करण्याची सूचना आहे. परंतु अमुक रुग्णाला मनोविकाराचे अमुकच औषध लागू पडेल, असे खात्रीने सांगणारी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. तशी जाहिरात दिसल्यास आपल्या मनोविकारतज्ज्ञांना विचारल्यावाचून पैसे खर्च करू नयेत.

तोवर घरातील माणसांच्या हाती पुष्कळ आहे. कोणाला, कोणत्या वयात, कोणता त्रास झाला, कोणत्या औषधाने गुण आला वा अपाय झाला, याची नोंद ठेवावी. लिथियम चालू असल्यास रक्तातील त्याची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्यात. वाढत्या वयात हे अधिकच आवश्यक असते. वेदनाशामक किंवा रक्तदाबाची नवी गोळी घेण्यापूर्वी लिथियमचा उल्लेख अवश्य करावा. जेवणातील मीठ एकाएकी तोडू नये. जुलाब, उलट्या, ताप किंवा कडक उन्हाळा असेल तेव्हा विशेष जपावे. हात फार थरथरू लागले, तोल गेला, गुंगी आली, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना गाठावे. एरवी मात्र औषध आपल्या मनाने बंद करू नये.

परतीच्या गाडीत वहिनींनी पिशवीतून एक कोरी वही काढली. मुलाच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्या दादांच्या चव्वेचाळीस वर्षांच्या आजारपणाची हकिकत लिहू लागल्या. मधेच थांबून संकोचाने म्हणाल्या, "भाऊजी, तुमची ती गुडघ्याची गोळीही लिहू का?"

"लिहा," मी म्हणालो, "आणि तिच्याखाली लाल रेघ ओढा."

खिडकीशी बसलेले दादा कितीतरी दिवसांनी मनमोकळे हसले.